विहिरीच्या पाण्याचा हिशेब : उधारी देण्यापूर्वी खारपाण पट्ट्याचा नकाशा पाहा

अकोला, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, शेगाव या बाजारपेठांत आपले अनेक बांधव मोटरपंप आणि पाइप विकतात, खते-बियाणे ठेवतात, बोअरची गाडी चालवतात, जळालेल्या मोटरी भरून देतात किंवा झाडावरचा बगीचा बोलीने विकत घेतात. यातला बराचसा धंदा उधारीवर चालतो. उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची जमीन किती, मागची बाकी किती, सोसायटीचे कर्ज आहे का, हे सगळे विचारतो. त्याच्या विहिरीचे किंवा बोअरचे पाणी कसे आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते या पट्ट्यात तोच पहिला प्रश्न असायला हवा.

दुकानातला नेहमीचा संवाद आठवून पाहा. शेतकरी येतो आणि म्हणतो, "चाचा, बोअरला अडीच इंची पाणी लागलं. मोटर, केबल अन् पाइप द्या, कापूस निघाला की पैसे देतो." दुकानदार विचारतो, "पाणी गोड आहे ना, भाऊ?" उत्तर येते, "गोडच म्हणा, थोडं मचूळ हाय." एवढ्यावर व्यवहार होतो. पहिले वर्ष पीक बरे येते. दुसऱ्या वर्षी पाणी दिल्यावर रान लवकर वाफशावर येत नाही. तिसऱ्या वर्षी जमीन वरून कडक आणि आतून चिकट होते, पाणी वरच साचून राहते, उगवण विरळ होते. मोटर बंद पडते ती बिघाडामुळे नव्हे, तर शेतकऱ्याने पाणी देणेच सोडल्यामुळे. उधारी वहीत राहते आणि जमीन पूर्वी कोरडवाहू पीक देत होती तेवढेही देत नाही. नुकसान दोघांचे होते, पण शेतकऱ्याचे अधिक.

पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावते, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना गाळाची खोल काळी जमीन आहे. याच खोऱ्यात सुमारे नऊशे गावांचा खारपाण पट्टा पसरला आहे. एका बाजूला सातपुड्याचा पायथा आणि दुसऱ्या बाजूला बेसाल्ट खडकाचा प्रदेश, यांच्या मध्ये खचलेल्या भागात हा गाळ भरला गेला. पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, ऊन मात्र कडक. मातीत चिकणमातीचे प्रमाण फार, म्हणून निचरा मंद. क्षार वाहून जात नाहीत, खाली साचत राहतात आणि विहिरीत उतरतात.

उत्तरेकडे, पायथ्यालगत, चित्र अगदी वेगळे आहे. अकोट, अचलपूर, अंजनगाव या बाजूला डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांच्या थरातून पावसाचे पाणी झपाट्याने मुरते. तेथे विहिरींचे पाणी गोड आणि त्यावर संत्र्याचे बगीचे आणि केळी उभी आहेत. तेथील दुखणे उपशाचे आहे, पाणी खोल चालले आहे. तेथून दक्षिणेकडे पूर्णेच्या दिशेने उतरत गेले की काही कोसांत पाण्याची जात बदलते. एकच तालुका, एकच बाजार, एकच दुकानदार, पण उत्तरेच्या गिऱ्हाइकाला दिलेला सल्ला दक्षिणेच्या गिऱ्हाइकाला बुडवू शकतो. म्हणूनच नकाशा लागतो.

आता 'पाणी खराब' म्हणजे नेमके काय, ते पाहू. येथे दोन वेगळे रोग आहेत आणि बाजारात दोन्हींना 'खारे पाणी' हे एकच नाव आहे.

पहिला रोग एकूण क्षारांचा. तो पाण्याच्या विद्युत वाहकतेवरून, म्हणजे अहवालातील 'ईसी'वरून कळतो. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज जाते. अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली जो तक्ता प्रसिद्ध केला, तो आजही आपल्याकडच्या बहुतेक अहवालांचा आधार आहे. त्यात २५० मायक्रोसिमेन्सपर्यंतचे पाणी उत्तम, ७५० पर्यंतचे चांगले, २,२५० पर्यंतचे जपून वापरण्याचे आणि त्यापुढचे सर्वसाधारण शेतीला अयोग्य मानले आहे. पिकापिकाची सोसण्याची ताकदही वेगळी असते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या १९८५ च्या पुस्तिकेनुसार कापूस सुमारे ५,१०० पर्यंतच्या पाण्यावरही पूर्ण उत्पन्न देऊ शकतो, गहू ४,००० पर्यंत. संत्रा मात्र १,१०० च्या पुढे आणि कांदा ८०० च्या पुढे उत्पन्नात घटू लागतो. हे आकडे चांगल्या निचऱ्याच्या जमिनीचे आहेत. आपल्या काळ्या जमिनीत ते जसेच्या तसे धरू नयेत.

दुसरा रोग सोडियमचा आहे आणि तोच अधिक फसवा आहे. काळ्या मातीचे बारीक कण चुन्याच्या म्हणजे कॅल्शियमच्या जोरावर एकमेकांना धरून राहतात, त्यांची ढेकळे भुसभुशीत असतात आणि त्यांच्यातल्या फटींतून पाणी व हवा खाली जाते. पाण्यातून सोडियम येत राहिला की तो कॅल्शियमची जागा घेतो. कण सुटे होतात, ओले झाले की फुगतात आणि फटी बुजतात. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतात. वर पांढरे मीठ फुटलेले दिसेलच असे नाही. त्यामुळे जमीन बिघडली हे उशिरा लक्षात येते.

गंमत अशी की सोडियमचे पाणी चवीला फारसे खारट नसते. उलट त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल, तर ते 'हलके' पाणी वाटते. साबणाला भरपूर फेस येतो, डाळ लवकर शिजते. धोबी, रंगारी आणि घरातील बाया अशा पाण्याची तारीफच करतात. शेतीच्या दृष्टीने हीच तारीफ धोक्याची घंटा समजावी. ज्या पाण्याने साबण फाटतो आणि डाळ कडक राहते, त्या जड पाण्यात निदान कॅल्शियम तरी असते. अकोल्याच्या डाळ गिरण्यांमुळे डाळीची पारख या भागात सर्वांनाच आहे, म्हणून हे उदाहरण दिले. केवळ साबणावरून निकाल देता येत नाही हे खरेच, पण शंका घ्यायला ते पुरेसे आहे.

अहवालात सोडियमचा अंदाज दोन आकड्यांवरून येतो. एक 'एसएआर', म्हणजे सोडियम शोषण गुणोत्तर. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बेरीज करून तिची निम्मे करायची, वर्गमूळ काढायचे आणि त्याने सोडियमला भागायचे. दुसरा 'आरएससी', म्हणजे शिल्लक सोडियम कार्बोनेट. कार्बोनेट आणि बायकार्बोनेटच्या बेरजेतून कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज वजा केली की तो मिळतो. तो १.२५ च्या आत असला तर पाणी निर्धास्त, २.५ पर्यंत जपून आणि त्यापुढे धोक्याचे. हे सगळे मिलिइक्विव्हॅलंट या मापात असावे लागते. अहवाल लिटरला मिलिग्रॅममध्ये असेल, तर सोडियमला २३ ने, कॅल्शियमला २० ने, मॅग्नेशियमला १२.२ ने आणि बायकार्बोनेटला ६१ ने भागावे. वहीखाते सांभाळणाऱ्याला हा हिशेब अवघड नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सोडियम १२, कॅल्शियम २, मॅग्नेशियम २, बायकार्बोनेट ९ आणि ईसी १,६००. कॅल्शियम-मॅग्नेशियमची बेरीज ४, तिची निम्मे २, वर्गमूळ १.४१. बाराला १.४१ ने भागले की गुणोत्तर साडेआठ. बऱ्याच अहवालांत १० च्या आतले गुणोत्तर 'चांगले' म्हणून छापले जाते, ईसीही 'जपून वापरा' या वर्गात बसते, म्हणजे पाणी पास. पण नवातून चार वजा केले की शिल्लक सोडियम कार्बोनेट ५ येते. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. तीन आकड्यांपैकी एकच पाहून पाइप विकणारा येथे फसतो.

शिवाय आपल्या मातीची सहनशक्ती पुस्तकातल्यापेक्षा कमी आहे. मातीत धरून ठेवलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांपुढे गेले की जमीन चोपण, असे पुस्तक सांगते. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासकांनी पूर्णा खोऱ्यातील मातीवर काम केले, तेव्हा येथील काळी माती ५ टक्क्यांच्या आसपासच निचरा गमावू लागते, असे आढळले. कॅलिफोर्नियाच्या मातीसाठी आखलेल्या मर्यादा बाळापूरच्या रानाला लावताना एवढे लक्षात ठेवावे.

वजनात मोजले तर गोष्ट अधिक स्पष्ट होते. ईसी १,६०० म्हणजे लिटरमागे साधारण एक ग्रॅम क्षार. एका एकराला दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी दिले तर ते सुमारे दोन लाख लिटर होते. म्हणजे एका पाण्याबरोबर २०० किलो क्षार, पन्नास किलोची चार पोती, रानात पडतात. पाच पाणी दिले की एक टन. काही क्षार पावसाने खाली जातात, काहींचा चुनखडीसारखा साका होतो, पण निचरा नसलेल्या जमिनीत उरलेले तेथेच राहतात. कोणता दुकानदार गिऱ्हाइकाच्या शेतात स्वतःच्या हाताने मिठाची वीस पोती टाकील? पण मोटर आणि पाइप देऊन तेच काम होत असते.

अलीकडे पाण्याच्या मशीनवाल्यांकडे मिळणारा 'टीडीएस'चा छोटा मीटर अनेकांच्या खिशात असतो. तो वापरावा. पण तो फक्त पहिला रोग सांगतो, दुसरा नाही. ७०० टीडीएसचे पाणी कॅल्शियमचे असेल तर चालून जाईल आणि तेच सोडियमचे असेल तर जमीन बिघडवील. मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. तसेच २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेचे कार्ड बऱ्याच शेतकऱ्यांकडे आहे. त्यावर मातीचा सामू, ईसी आणि खतद्रव्ये असतात, विहिरीच्या पाण्याबद्दल काही नसते. कार्ड आहे म्हणून पाणी तपासले, असा समज करून घेऊ नये. पिण्याच्या पाण्याचा दाखलाही येथे कामाचा नाही. त्यात नायट्रेट जास्त म्हणून पाणी नापास झालेले असते. ते लहान मुलांना घातक खरेच, पण पिकाला नायट्रेट हे खतच आहे. मागताना 'सिंचनाच्या पाण्याची तपासणी' असे स्पष्ट सांगावे.

आता नकाशाविषयी. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून काम करते आणि केंद्राचे भूजल मंडळही. राज्यभर सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत. ठराविक महिन्यांत त्यांची पातळी मोजली जाते आणि पाण्याचे नमुने तपासले जातात. प्रत्येक विहिरीची जागा अक्षांश-रेखांशासह नोंदलेली असते. संगणकात हे बिंदू टाकून मधल्या भागाचा अंदाज काढला जातो आणि तो रंगांनी भरला जातो.

हा अंदाज कसा काढतात? अकोल्यात आणि बडनेऱ्यात कापसाचा आजचा भाव ठाऊक असेल, तर मूर्तिजापूरचा भाव आपण न विचारता साधारण सांगू शकतो. जवळच्या बाजाराला जास्त वजन, दूरच्या बाजाराला कमी. दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींचे अभियंते डॅनी क्रिगे यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मोजक्या छिद्रांवरून खाणीतले सोने अजमावण्यासाठी अशीच युक्ती बसवली. फ्रान्सचे जॉर्ज माथेरों यांनी तिला गणिताची बैठक दिली आणि क्रिगे यांच्या नावावरून ती 'क्रिगिंग' झाली. आज विहिरींच्या पाण्याचे कितीतरी नकाशे याच पद्धतीने बनतात.

भावाच्या अंदाजात जी चूक होते तीच येथेही होते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरहून थोडे अधिक. ३,९०० विहिरींनी भागले तर एका विहिरीच्या वाट्याला सुमारे ८० चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ वीस हजार एकर येतात. एवढ्या रानाचा रंग एका बाटलीवरून ठरतो. अकोटच्या दक्षिणेला, जेथे पायथ्याचे गोड पाणी संपून गाळातले खारे पाणी सुरू होते, तेथे नकाशावर रंगांची रेघ ठळक दिसते. प्रत्यक्षात ती रेघ दोन कोस इकडे किंवा तिकडे असू शकते.

नकाशात न दिसणारी आणखी एक गोष्ट म्हणजे खोली. त्याच शेतात चाळीस फुटांच्या जुन्या विहिरीचे पाणी बरे आणि दोनशे फुटांच्या बोअरचे खारे असू शकते. पावसाचे ताजे पाणी हलके असल्यामुळे वर तरंगते, खारे पाणी खाली राहते. जोराची मोटर लावून उपसा केला की खालचे वर येऊ लागते. "पहिले दोन महिने गोड होतं, मग खारं झालं" ही तक्रार यातूनच येते. म्हणून आमचे बोअरवाल्या बांधवांना सांगणे आहे की या पट्ट्यात पाणी कमी लागले की 'अजून पन्नास फूट घ्या' हा सल्ला सवयीने देऊ नये. फुटावर मजुरी मिळते हे खरे, पण त्या पन्नास फुटांखाली काय आहे ते गाडीवाल्यालाच सर्वांत चांगले माहीत असते. प्रत्येक गावातल्या बोअरची खोली आणि मीटरवरचा आकडा एका वहीत लिहून ठेवला, तर दोन वर्षांत त्यांच्याजवळ तालुक्याचा सरकारी नकाशाहून बारीक नकाशा तयार होईल. एवढी छिद्रे दुसरे कोण पाडते?

नकाशा हाती आला तर तीन गोष्टी पाहाव्यात. तो ईसीचा आहे, एसएआरचा की आरएससीचा. नमुने मे महिन्यातले की पावसाळ्यानंतरचे, कारण मे महिन्यात क्षार बहुधा सर्वांत जास्त असतात आणि ऑक्टोबरचा नकाशा त्याच विहिरीला गोड दाखवू शकतो. आणि त्यावर विहिरींचे ठिपके छापले आहेत का. ठिपके नसतील तर मधला रंग किती अंदाजाचा आहे हे कळायला मार्ग नाही. नकाशा लाल असेल तर तपासणीशिवाय माल उधार देऊ नये. निळा असेल तरी बोअर नवे असल्यास तपासून घ्यावे. शेवटचा निकाल त्या शेतातल्या बाटलीचाच.

पाणी वाईट निघाले म्हणजे गिऱ्हाईक गेले असे मात्र नाही. वरच्या उदाहरणातले पाणी जिप्समने सुधारते. एक हजार लिटर पाण्यातील आरएससी एकाने उतरवायला ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. पाचाचे अडीच करायचे, तर एका एकराच्या एका पाण्याला सुमारे ४३ किलो. बाजारातला माल पूर्ण शुद्ध नसतो हे धरले तर एक पोते. खर्च पिकाला परवडतो का, हे शेतकऱ्याने ठरवावे, आकडा आपण सांगावा. ज्या पाण्यात सोडियमबरोबर एकूण क्षारही फार आहेत, तेथे जिप्समचा उपयोग थोडाच. ठिबकचा माल विकणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बायकार्बोनेटच्या पाण्याने तोट्या चुन्याने बसतात. आम्लाने धुण्याची पद्धत शिकवल्याशिवाय तो माल देऊ नये, नाहीतर दोष कंपनीला आणि शिव्या दुकानदाराला.

या पट्ट्यात जमिनीखालच्या पाण्यापेक्षा आकाशातल्या पाण्याला जास्त भाव आहे. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात खारपाण पट्ट्यातील गावे वेगळी धरली गेली, ती याच कारणाने. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद आणि तीन मीटर खोल शेततळ्यात सुमारे २२ लाख लिटर पावसाचे पाणी मावते. बाष्पीभवन सोडले तरी आठ-नऊ एकराला एक संरक्षित पाणी मिळते. कापसाला बोंडे भरताना किंवा हरभऱ्याला घाटे धरताना ते एक पाणी पीक वाचवते आणि जमिनीत मीठ घालत नाही. अशा शेतकऱ्याला पाण्यात बुडणारी महागडी मोटर नको, छोटे इंजिन किंवा सौर पंप, तुषार संच आणि हलके पाइप हवेत. शेततळ्याचे कुंपण, जाळी, इंजिनची दुरुस्ती ही आपल्या वेल्डिंग आणि फिटिंगच्या कारागिरांची कामे आहेत. मात्र हेच शेततळे बोअरच्या पाण्याने भरले तर सगळा अर्थ जातो. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात आणि ते बोअरपेक्षाही खारे होते.

झाडावर बगीचा घेणाऱ्या बागवान बांधवांसाठी एक गोष्ट. संत्र्याची पानांची टोके करपलेली आणि पानगळ अवेळी दिसली, तर खताचा दोष धरण्यापूर्वी पाण्याचा अहवाल मागावा. बोली लावताना नुसत्या फळांची संख्या मोजण्यापेक्षा हा कागद अधिक बोलतो.

नमुना घेण्याची रीत साधी आहे, पण येथेच गफलत होते. मोटर दहा-पंधरा मिनिटे चालू द्यावी, म्हणजे पाइपातले शिळे पाणी निघून जाते. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि काठोकाठ भरून घट्ट बंद करावी. तेलाची, ॲसिडची किंवा थंड पेयाची बाटली चालत नाही. वर चिठ्ठी लावावी : गाव, गट क्रमांक, विहीर की बोअर, खोली किती फूट, तारीख, कोणते पीक. बाटली सावलीत ठेवून एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवावी. जिल्ह्याची मृद चाचणी प्रयोगशाळा, कृषी विज्ञान केंद्र किंवा अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे चौकशी करता येते. एक नमुना मे महिन्यात आणि दुसरा पावसाळा संपल्यावर घ्यावा. दुकानदाराने चार बाटल्या आणि कोऱ्या चिठ्ठ्या गल्ल्याजवळ ठेवल्या, तर शेतकरी पाइप न्यायला येतानाच नमुना घेऊन येईल.